मामाजी आणि त्यांचे बादलजी

माझे सासरे माणसांना अरे-तुरे करायचे आणि घोड्याला अहो-जाहो. सरपंच असो, तलाठी असो, नाहीतर बँकेतून आलेला टायवाला साहेब असो, ओसरीवरून एकच हाक जायची, "का रे, कुठं चालून राहिलास?" पण सकाळी गोठ्याचं फाटक उघडलं की त्याच माणसाचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "उठा जी बादलजी. झोप झाली का जी?" लग्न होऊन या घरात आले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी हे चुलीपाशी बसून ऐकलं आणि मला वाटलं, कुणी थोर पाहुणे मुक्कामाला आहेत. डोक्यावर पदर घेतला, चांगल्यातले दोन कप काढले आणि चहा घेऊन गेले. गोठ्यात मामाजी होते आणि एक पांढरा घोडा होता. मामाजींनी दोन्ही कप घेतले. एक स्वतः प्यायले, दुसरा बशीत ओतला, फुंकर घातली आणि घोड्यापुढे धरला.

मामाजींना जाऊन आता दोन वर्षं होत आली. ऐंशी ओलांडली होती, अंथरुणाला खिळले नाहीत, कुणाला त्रास दिला नाही. तेव्हा मी काही डोळे पुसत लिहायला बसलेली नाही. तसं लिहिलं असतं तर वरून ओरडले असते, "कायले रडून राहिलीस, कामधंदा नाही का?"

सासऱ्याला आमच्याकडे मामाजी म्हणतात. मी भंडाऱ्याची, शाळेत शिकवणारी, तोंडाने फटकळ. माहेरी वडिलांशी वाद घालून मोठी झाले. दवनीवाड्याजवळच्या या गावात येऊन पडले तेव्हा कळलं, की या घरात सुनेने सासऱ्याशी थेट बोलायचं नसतं. मध्ये कुणीतरी लागतं. सासूबाई होत्या तोवर त्या होत्या, त्यानंतर आमचे हे. आणि हे शेतावर गेले असले, की उरायचा तो घोडा. मामाजी त्याच्या पाठीवर खरारा फिरवता फिरवता म्हणायचे, "बादलजी, सूनबाईले सांगा, आज भाजीत मीठ नव्हता." मीही काही कमी नव्हते. "बादलजी, मामाजींना सांगा, मीठ ताटाच्या कडेला वाढलं होतं, त्यांनी चष्मा लावला नव्हता." घोडा बिचारा एकदा त्यांच्याकडे बघायचा, एकदा माझ्याकडे. अशी आमची कितीतरी वर्षं गेली आणि सांगायला हरकत नाही, मजेत गेली.

"आमचे पुरखे माळव्याहून आले, ते घोड्यावर बसून. बैलबंडीत नाही." हे वाक्य ते नव्या पाहुण्याला पाण्याचा गडवा देण्याआधी ऐकवायचे. स्वतः जन्मभर धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाकलेले. घरात पिढ्यानपिढ्या बैलच. पण डोक्यात घोडा बसलेला तो बसलेलाच. साठी उलटल्यावर बालाघाटकडच्या एका बाजारातून शिंगरू घेऊन आले. सासूबाई म्हणाल्या होत्या म्हणे, "या वयात लोक काशीला जातात." मामाजींचं उत्तर तयार होतं. "काशी जागेवर राहते. शिंगरू विकला जाते."

सासूबाई गेल्या त्या वर्षी मात्र मामाजी खचले. ताटावर बसायचे आणि घास तसाच ठेवून उठायचे. आम्ही सगळ्यांनी समजावून पाहिलं. शेवटी त्यांना उभं केलं ते बादलने. त्याला चारा टाकायचा म्हणून उठायचे, पाणी दाखवायचं म्हणून बोडीपर्यंत, म्हणजे तळ्यापर्यंत, जायचे, आणि एवढं चालल्यावर भूक लागायची म्हणून जेवायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. म्हणून पुढे जे झालं त्यात माझा जीव घोड्यापेक्षा या म्हाताऱ्यासाठी जास्त टांगणीला लागला होता.

बादल अंडील होता, म्हणजे खच्ची न केलेला, आणि चांगला भरात आलेला. बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ पोरं विमानं उडवतात, ती दिवसभर डोक्यावर घरघरत असतात. त्यांच्याकडे त्याने कधी मान वर करून बघितलं नाही. पण दूर रस्त्याने घोडी चालली असली की संपलं. नाकपुड्या फुगवायचा, खुरांनी जमीन उकरायचा, मागच्या दोन पायांवर उभा राहायचा. आणि आमचे मामाजी त्याला आवरायचं सोडून मिश्यांवरून हात फिरवायचे. "पाह्य, जोर पाह्य. हा असली माळवा हाय." पाहुण्यांना तर मुद्दाम दाखवायचे. लोक वाहवा करायचे, आणि मामाजी बादलला गुळाचा खडा द्यायचे. त्या घोड्याला दोन पायांवर उभं राहण्याचा खाऊ मिळायचा, मग तो का नाही उभा राहणार?

दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. जिलेबीच्या कढया, फुगे, पाळणे, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुणे. अशाच एका वर्षी गोंदियाचे रमजानभाई पोरांना फिरवायला त्यांची घोडी घेऊन आले. बादलने गोठ्यातून वास घेतला आणि दोर तोडला. पुढचं सगळं गावाने पाहिलं. बांगड्यांचं एक दुकान आडवं झालं, जिलेबीवाला कढई सोडून पळाला, रमजानभाई घोडीला मिठी मारून "या अल्ला, कोई पकडो इसको" म्हणत उभे. आमचे शेजारी डुलीचंदभाऊ दोर धरायला धावले. बादलने त्यांच्या खांद्याला असा चावा घेतला की टाके घालावे लागले. यात हसण्यासारखं काही नव्हतं. दवाखान्यात मामाजी डुलीचंदभाऊंच्या उशाशी बसून होते.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. कुणी आरडाओरडा केला नाही, मामाजींचा मान होता. पण ठरलं ते पक्कं ठरलं. पुढच्या लग्नसराईत गावात वराती येणार, घोड्या येणार. तेव्हा बादल एकदा जरी सुटला, तर त्याला विकून गावाबाहेर काढायचा. आमचे हे म्हणाले, "सुटायची वाट कशाला बघायची, आत्ताच विकू." त्यांचंही चुकलं नव्हतं. मामाजींनी त्या रात्री ताटातला भात अर्धा ठेवला. मी ते ताट उचललं. असं अर्धं ताट मी सासूबाई गेल्या तेव्हा पाहिलं होतं. घोडा गेला तर हा माणूस पुढचा पावसाळा बघणार नाही, हे मला स्पष्ट दिसत होतं.

इलाज काय, हे मला ठाऊक होतं. आमच्या गाईंना बघायला गोंदियाहून एक डॉक्टरबाई यायच्या, त्यांना मी विचारून ठेवलं होतं. पण सासऱ्यापुढे तो शब्द काढायचा कुणी? तसं बैलाचं बोलताना आमच्याकडे चहा पिता पिता विचारतात, "गोऱ्हा खच्ची केला का रे?" त्यात कुणाला काही वाटत नाही. पण घोडा म्हणजे माळवा. आणि तेही सुनेच्या तोंडून. मी खूप घोळवलं आणि शेवटी गोठ्याच्या दारात उभी राहून म्हणाले, "बादलजी, मामाजींना सांगा, तुमच्या स्वभावावर औषध आहे. बैलांवर करतात तेच."

मामाजींच्या हातातला खरारा थांबला. मी आपली पदर सावरत सटकले. नंतर दोन-चार दिवस त्यांनी घोड्यामार्फतसुद्धा माझ्याशी बोलणं टाकलं. मीठ कमी पडलं तरी नाही. मला वाटलं, आता काही खरं नाही. मग एका सकाळी मी अंगणात सडा टाकत असताना गोठ्यातून आवाज आला. "बादलजी, सूनबाईले विचारा, डॉक्टरबाईचा नंबर हाय का तिच्याजवळ."

डॉक्टरबाई वयाने माझ्याहून लहान. आधी कुठे पुण्याकडे घोड्यांच्या फार्मवर काम केलेल्या. त्यांनी थंडीचे दिवस निवडले, माश्या कमी असतात म्हणून. आल्या आणि सरळ कामाचं बोलायला लागल्या. हा घोडा खाली वाकून बघावा लागेल, दोन्ही वृषणं खाली उतरलेली आहेत ना, वगैरे. मामाजी ताबडतोब छपराची कवेलू मोजायला लागले. मी अंगठ्याने जमीन टोकरत उभी. बाईंनी हात घालून तपासलं, म्हणाल्या, "ठीक आहे." मग मामाजींकडे वळून त्यांनी बजावलं, "काका, हा शिंगरू नाही, पोक्त घोडा आहे. शिंगरूचं केलं की तो सवयी लागायच्या आधीच शांत होतो. याच्या अंगातली मस्ती उतरेल, पण हळूहळू. अन् लागलेल्या सवयी राहतील." मामाजींनी पहिला भाग ऐकला, दुसरा सोडून दिला. माणसं असंच करतात.

धान निघालेल्या बांधीत तनिस, म्हणजे भाताचा पेंढा, अंथरली. आधी धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, मग गुंगीचं. एवढा मोठा घोडा गुडघ्यातून वाकला आणि आडवा झाला. बाईंनी मामाजींना डोक्याशी बसवलं, घोड्याच्या डोळ्यावर फडकं धरायला सांगितलं. मामाजींनी स्वतःचा गमछा धरला आणि सगळा वेळ त्याच्या कानात बोलत राहिले. "काही नाही जी. मी इथंच हाय जी. आता उठसाल तुमी." बाईंचं काम झालं. बादल काही वेळाने धडपडत उठला, पाय लटपटत होते. मामाजींनी त्याचं तोंड पुसलं आणि बाईंना हळूच विचारलं, "बाई, यायले समजला का जी?"

"काय?"

"काय गेला ते."

बाई हात धुता धुता म्हणाल्या, "नाही काका. घोड्याला त्याचं काही वाटत नाही. ते माणसांनाच वाटतं."

मामाजींनी त्यावर विचार केला. "मंग बरा हाय," म्हणाले. आणि तिथेच बांधावर बसून ओक्साबोक्शी रडले. लहान मुलासारखे. मग नाक पुसून बाईंना म्हणाले, "चहा पिऊन जा. सूनबाई साखर जास्त टाकते, पन पिऊन जा."

जाताना बाई दोनदा सांगून गेल्या होत्या की उद्यापासून रोज दोन वेळा चालवा. मामाजींनी मान डोलावली. पण आयुष्यभर त्यांनी बैल पाहिलेले. बैलाचं हे काम झालं की आमच्याकडे त्याला बसवून ठेवतात, जुंपत नाहीत, हिंडवत नाहीत, बाळंतिणीसारखं जपतात. तेव्हा बादलला त्यांनी गोठ्याच्या आतल्या कोपऱ्यात बांधला, खाली ढीगभर तनिस, दाराला थंडीचं पोतं, समोर गुळाचं पाणी. मी म्हटलं, "बादलजी, चालवायला सांगितलं होतं ना?" तर उत्तर आलं, "बादलजी, सूनबाईले सांगा, आपल्या घरात खच्ची केलेला जनावर काही पहिल्यांदा पाहून नाही राहिलो." झालं. पुढच्या एक-दोन दिवसांत घोड्याला खाली अशी सूज चढली की तो पाय फाकवून उभा, चाऱ्याला तोंड लावेना. मामाजींनी गूळ पुढे धरला, तोही त्याने घेतला नाही. मी बाईंना फोन केला.

बाई आल्या, बघितलं, ताप मोजला, इंजेक्शन दिलं आणि मग मामाजींना चांगलं फैलावर घेतलं. "काका, बैलाला आम्ही चिमट्याने दाबतो, वरची कातडी शाबूत असते. इथे मी चिरा दिलाय, आणि तो मुद्दाम उघडा ठेवलाय. आतलं पाणी खाली वाहून गेलं पाहिजे. उभा ठेवला तर ते साचणार, सूज येणार. चालला तरच तो बरा होणार."

"आमच्या बैलायले तं—"

"हा बैल नाही, काका. माळव्याचं तुम्हीच सांगत होता ना?"

मामाजी एवढे हादरलेले होते, तरी त्यांना हसू आलं. "बाई खरी बोलते," म्हणाले, आणि तिथल्या तिथे दोर सोडून बादलला बाहेर काढला.

पण मामाजींचा गुडघा जुना दुखरा. बोडीच्या काठापर्यंत गेले आणि बसले. आमचे हे शेतावर. मी शाळेतून येत होते, पर्स खांद्याला. पाहते तर म्हातारा एका दगडावर, घोडा डोकं खाली घालून उभा, आणि दोघांचंही पुढे जाण्याचं लक्षण नाही. मला काय झालं कुणास ठाऊक, मी सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि घोड्याला न सांगता, त्यांच्या तोंडावर म्हणाले, "मामाजी, द्या तो दोर. तुम्ही बसा, मी फिरवते."

त्यांनी सवयीने घोड्याकडे पाहिलं. घोड्याला कुठलं मध्ये पडण्याचं भान? मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुले लाथ मारीन तो."

"मारू द्या."

"मंग माहा पोरगा मले मारीन."

मी हसले आणि दोर घेतला. त्या दिवसापासून आम्ही दोघं एकमेकांशी थेट बोलायला लागलो आणि मग जे बोलत सुटलो, ते मामाजी जाईपर्यंत. सकाळी शाळेआधी एक फेरी माझी, दुपारी एक त्यांची आणि माझी मिळून. डोक्यावर पदर घेतलेली बाई पांढऱ्या घोड्याला चालवते आहे, मागून सासरा काठी टेकत सूचना देतो आहे, "त्याले ओढू नोको, तो आपला आपन येते", हे बघायला बायका हातपंपाशी भांडी दोनदा घासायच्या. सूज आठवड्यात ओसरली, जखम भरत गेली. मामाजी पुन्हा पोटभर जेवायला लागले.

डुलीचंदभाऊंचा खांदाही तोवर बरा झाला होता आणि जीभ तर कधी आजारी नव्हतीच. ओट्यावर बसून त्यांनी एक दिवस फेकलं, "काकाजी, माळव्याचा घोडा होता, अना झाडीपट्टीचा बैल करून टाकला ना तुमी."

मामाजी थांबले. "बैल शेत नांगरते रे डुल्या. तू काय करतेस?" सगळा ओटा हसला, डुलीचंदभाऊसुद्धा. मग मामाजी पुढे गेले नाहीत. वळून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि खांदा दाखव म्हणाले, नीट बघितला, तेल लावतोस की नाही विचारलं. असे होते ते. टोला द्यायचा राहायचा नाही आणि जखम बघायचीही राहायची नाही.

आता सगळं झालं असं तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. बाईंनी दोन महिने कुठलीही घोडी जवळ येऊ देऊ नका म्हणून बजावलं होतं, ते आम्ही पाळलं. फाल्गुनात मामाजींनी रमजानभाईंना निरोप धाडला, घोडी घेऊन शेताच्या त्या टोकाला उभे राहा. रमजानभाई आधी हात जोडत होते, "चाचा, मेरी घोड़ी को बख्श दो." शेवटी आले. बादलने घोडी पाहिली, कान टवकारले आणि उभा राहिला मागच्या दोन पायांवर. मामाजींनी रमजानभाईंना लांब व्हायची खूण केली. लग्नसराई तोंडावर आलेली.

मी बाईंना फोन लावून दिला. त्यांचं बोलणं स्पीकरवर मी ऐकलं. "काका, मी सांगितलं होतं. अंगातला जोर मी काढला. सवय मला कापता येत नाही. ती तुम्ही लावली, तुम्हीच मोडा. मारू मात्र नका."

मामाजींनी फोन माझ्या हातात दिला. मग मला म्हणाले, "सूनबाई, मी त्याले कायचा गूळ देत होतो?"

"उभं राहायचा."

"हं." एवढंच. त्या दिवसापासून गुळाचा नियम बदलला. कान घोडीकडे वळले रे वळले, की मामाजी सांगायचे, "मागं जी." दोराला हलका हिसका. एक पाऊल मागे घेतलं की गूळ. दोन पायांवर उभा राहिला तर काही नाही, रागावणं नाही, शिवी नाही, गूळही नाही. गोल फिरवून पुन्हा पहिल्यापासून. रमजानभाईंची घोडी आधी दोन बांध्या पलीकडे, मग एक बांधी, मग धुऱ्यावर, म्हणजे अगदी बांधावर. कधी कधी चांगला चाललेला घोडा एकदम सगळं विसरायचा. मी वैतागायचे. शाळेतल्या पोरांवर मी याहून लवकर चिडते. मामाजी मात्र आनंदात. "मी दहा वर्स बिघडवला. तो दोन महिन्यात सुधारून राहिला तं त्याची हुशारी म्हनाव का माही?" त्यांना ते शिकवणं इतकं आवडायला लागलं होतं की गूळ खिशात ठेवून ठेवून सदऱ्याला मुंग्या लागल्या.

आणि मग बातमी आली ती डुलीचंदभाऊंच्या घरातूनच. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं, वरात बिरसीहून येणार, नवरदेव घोडीवर. त्यांचा मांडव म्हणजे आमच्या गोठ्याच्या समोर. डुलीचंदभाऊ पत्रिका घेऊन आले, अक्षत दिली, आणि अवघडून म्हणाले, "काकाजी, त्या दिवशी घोडा बाहेरगावी ठेवला तं..."

ठेवता आला असता. आमच्या ह्यांनी तर लगेच तिरोड्याकडच्या पाहुण्यांचं नाव काढलं. मामाजींनी मान हलवली. "आज लपवला तं जनमभर लपवावा लागीन. डुल्या, तुह्या दारात, तुह्यासमोर उभा करतो. सुटला तं उद्या सकाळी तूच गाडीत चढव. मी एक शब्द बोलनार नाही."

डुलीचंदभाऊंचा हात नकळत खांद्याकडे गेला. मुलीचं लग्न, बिरसीचे नवे सोयरे, सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर आलं असणार. तरी म्हणाले, "उभा करा." या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

लग्नाच्या संध्याकाळी मामाजींनी बादलला आंघोळ घातली, शेपूट विंचरली आणि मांडवाबाहेर, कडुलिंबाखाली दोर हातात घेऊन उभे राहिले. मी बाजूला. वरात आली ती वाजतगाजत. घोडी रमजानभाईंची नव्हती, कुठलीशी अनोळखी, झूल घातलेली, गळ्यात घुंगरं. नवरदेव उतरला, आणि घोडीवाल्याला बिचाऱ्याला काय माहीत, त्याने ती सरळ आणून कडुलिंबालाच बांधली. आमच्यापासून चार हातांवर.

बादलने मान वर केली. नाकपुड्या फुगल्या. आणि तो असा खिंकाळला की बँड थांबला. मांडवातली माणसं वळली. डुलीचंदभाऊ हातात अत्तरदाणी घेऊन जिथे होते तिथे उभे राहिले. ओळखीची सगळी तोंडं आमच्याकडे. मामाजींनी दोर ताणला नाही. नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "मागं जी."

बादलचे पुढचे पाय जागच्या जागी नाचले. एक खूर उचलला. तो वर जातोय की मागे, मला कळेना, मी डोळे मिटले.

"शाब्बास जी. आनखी एक."

डोळे उघडले तेव्हा तो दोन पावलं मागे सरला होता आणि घोडीकडे पाठ करून मामाजींच्या खिशात तोंड खुपसत होता. मामाजी गूळ देत होते. थोड्या वेळाने बादलने घोडीकडे पुन्हा एकदा बघितलं, एक फुरफुर केली आणि पुढ्यातला चारा खायला लागला. घोडीही आपली खात होती. बँडवाल्यांनी पुन्हा वाजवायला घेतलं.

पंगत बसली तशी डुलीचंदभाऊ स्वतः आमच्याकडे आले. "काकाजी, चला जेवायले."

"मले इथंच आनून दे ताट," मामाजी म्हणाले, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, की मी या घरात आल्यापासून त्यांना कुणाच्याच लग्नात पंगतीला बसलेलं पाहिलं नव्हतं. घोडीची वरात म्हटली की ते घरी, गोठ्यात, दोर धरून. गावातली केवढी लग्नं झाली, नातेवाइकांची झाली, आणि यांचं ताट दर वेळी कुणीतरी झाकून गोठ्यात नेऊन दिलेलं. आणि आम्ही समजायचो, म्हाताऱ्याला गर्दी आवडत नाही.

मी दोर त्यांच्या हातातून सोडवला. "जा मामाजी. मी आहे ना इथे."

"अना तो—"

"तो बघा, खातोय. जा म्हणते ना."

ते गेले. टोपी नीट केली, हातपाय धुतले आणि पंगतीत शिरले. माणसं सरकली, मध्ये जागा झाली, दोन्हीकडून कुणीतरी हात धरून त्यांना बसवलं. ती जागा आमच्याकडे पाठ करून होती. मला वाटलं, आता उठून समोरच्या ओळीत जातील, नजर ठेवायला. नाही गेले. डुलीचंदभाऊ बुंदीचं पातेलं घेऊन त्यांच्यापुढे वाकले. पलीकडून कुणीतरी चेष्टेने विचारलं, "काऊन जी काकाजी, आज घोडा सोडून आले?"

"तो आपल्या जाग्यावर हाय, मी आपल्या जाग्यावर," मामाजी म्हणाले. "वाढ रे डुल्या."

वरण-भात झाला, वडे झाले, वांग्याची भाजी त्यांनी दोनदा मागून घेतली. शेजारी बसलेल्या बिरसीच्या पाहुण्याला त्यांनी माळव्याची गोष्ट सांगायला घेतली असावी, कारण त्यांचा एक हात लगाम धरल्यासारखा हवेत हलत होता. मी दोर धरून उभी होते, बादल माझ्या खांद्यावर गरम श्वास सोडत होता. शेवटचा ताकभात संपवून ते उठेपर्यंत त्यांनी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.